‘ऐवजी’ : मोटारगाडीच्या हमीपत्राचा इतिहास

मराठी बाजारपेठेत एक भेद आज चांगलाच रुळलेला आहे. ‘गॅरंटी’ म्हणजे वस्तू बिघडल्यास ती बदलून मिळणार. ‘वॉरंटी’ म्हणजे ती दुरुस्त करून मिळणार. पंख्याच्या दुकानापासून मोटारगाड्यांच्या विक्रीदालनापर्यंत हा भेद इतक्या निःशंकपणे सांगितला जातो की, तो मूळ इंग्रजीतूनच आपल्याकडे आला असावा, अशी ऐकणाऱ्याची समजूत व्हावी. वस्तुतः ही फोड आपल्या देशातील दुकानदार आणि गिऱ्हाईक ह्यांनी आपापसांत केलेली आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे दोन शब्द मुळी दोन नव्हेतच. फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीतील एकच शब्द फ्रेंच भाषेत गेला; उत्तरेकडील नॉर्मन बोलीने त्यातील आद्य ‘व’ राखला, मध्य फ्रान्समधील बोलीने त्याचा ‘ग’ केला, आणि इंग्रजीने ही दोन्ही रूपे वेगवेगळ्या वेळी उचलली. ‘वॉर्डन’ आणि ‘गार्डियन’ ही जोडी त्याच जातीची. जो पाठीशी उभा राहतो, जामीन राहतो तो, हा मुळातला अर्थ.

आपल्याकडे हे काम ‘जामीन’ आणि ‘हमी’ हे शब्द करीत आले. त्यांच्यामागे नेहमी एक माणूस उभा असे. अमुक अमक्याला जामीन राहिला, तमुकाने हमी घेतली, असेच आपण बोलतो. छापील कागदाची हमी ही कल्पना अलीकडची आहे. आणि ती सर्वांत अधिक सामान्य माणसाच्या घरात कशी शिरली हे पाहावयाचे तर मोटारगाडीच्या व्यवहाराकडे, त्यातही अमेरिकेतील व्यवहाराकडे पाहावे लागते. घराखालोखाल मोठी अशी ही खरेदी. पण घर सहसा चालता चालता बंद पडत नाही. मोटारीचे सुटे भाग हजारोंनी मोजावे लागतात, त्यांतील एक भाग बिघडला तरी सगळी गाडी उभी राहते, आणि दुरुस्तीचा खर्च किती येईल हे गाडी घेताना कोणालाच सांगता येत नाही. हा अनिश्चित खर्च कोणी सोसावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शंभराहून अधिक वर्षांत ज्या शब्दांनी दिले गेले त्यांचा इतिहास येथे थोडक्यात पाहावयाचा आहे. प्रस्तुत लेखक कायद्याचा नव्हे, भाषेचा अभ्यासक आहे. तेव्हा निवाड्यांच्या तपशिलापेक्षा त्यांतील शब्दांकडे त्याचे लक्ष अधिक जाईल, हे आरंभीच सांगणे बरे.

इंग्रजी कायद्यातील ह्या विषयाचा आरंभ एका दगडापासून होतो. एका सोनाराने ‘हा जहरमोहरा आहे’ असे सांगून एक खडा शंभर पौंडांस विकला. तो जहरमोहरा नव्हता. खरेदीदाराने फिर्याद केली. १६०३ च्या सुमारास ‘चँडलर विरुद्ध लोपस’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, ‘हा जहरमोहरा आहे’ असे म्हणणे वेगळे आणि ‘हा जहरमोहरा असल्याची मी हमी देतो’ असे म्हणणे वेगळे. विक्रेत्याने हमी दिली नव्हती, नुसते विधान केले होते. आणि ते खोटे असल्याचे त्याला ठाऊक होते असाही आरोप नव्हता. तेव्हा तो सुटला. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास येथे जे. एल. ऑस्टिन ह्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते, हा त्यांचा विचार १९६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी साडेतीनशे वर्षे इंग्लंडच्या न्यायाधीशांनी हाच भेद खरेदीदाराच्या डोक्यावर आदळला होता.

पुढील तीन शतकांत हा कडकपणा हळूहळू सैल झाला. विक्रेत्याने ‘हमी’ हा शब्द उच्चारला नसला तरी विकलेली वस्तू तिच्या नेहमीच्या कामास लायक असली पाहिजे, ही अट न बोलताही व्यवहारात गृहीत आहे, असे न्यायालये मानू लागली. इंग्लंडमध्ये १८९३ च्या मालविक्री कायद्यात आणि त्याच्या धर्तीवर आपल्याकडे १९३० च्या कायद्यात हे तत्त्व आले. वाक्यात जे पद प्रत्यक्ष नसते पण अर्थासाठी मनात धरावे लागते त्यास आपले व्याकरणकार ‘अध्याहृत’ म्हणतात. ह्या हमीस ‘अध्याहृत हमी’ म्हणणे मला सर्वांत समर्पक वाटते.

मोटारगाडी बाजारात आली ती नेमकी ह्या टप्प्यावर. फोर्डचे ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये निघाले तेव्हा पाच माणसांच्या गाडीची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ पर्यंत त्याच मालिकेतील सर्वांत स्वस्त गाडी २६० डॉलरांवर आली. गाडी शेतकऱ्याच्या आवाक्यात आली, पण विक्रीची रचना अशी की कारखानदार गाडी बनवी, स्थानिक विक्रेता ती विकी, आणि खरेदीदाराचा करार केवळ विक्रेत्याशी होई. बिघाड कारखान्यात जन्मलेला; कारखानदाराशी मात्र करारसंबंध नाही. हा आडोसा पहिल्यांदा मोडला तो १९१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘मॅक्फर्सन विरुद्ध ब्यूइक’ ह्या खटल्यात. चाकाच्या लाकडी आऱ्या कोसळून चालक जखमी झाला होता. चाक दुसऱ्याच कारखान्याने केलेले होते. तरीही ते तपासून पाहणे ब्यूइक कंपनीचे कर्तव्य होते, आणि ते कर्तव्य केवळ विक्रेत्यापुरते नसून गाडी वापरणाऱ्याप्रतही होते, असे न्यायमूर्ती कार्डोझो ह्यांनी ठरविले. परंतु हा निर्णय हयगयीवर उभा होता. ज्याला हयगय सिद्ध करता येत नाही, ज्याची गाडी केवळ दर आठवड्यास गॅरेजात जाते, त्याला तो उपयोगी नव्हता.

अशा खरेदीदारास कारखानदारांनी स्वतःहून एक कागद देऊ केला. त्यांच्या संघटनेने त्याचा एकच नमुना ठरविलेला असल्याने कोणत्याही कंपनीची गाडी घ्या, मजकूर जवळजवळ तोच. गाडी मिळाल्यापासून ९० दिवस किंवा ४,००० मैल, ह्यांपैकी जे आधी पुरे होईल तोपर्यंत, एखादा भाग सदोष निघाल्यास तो कारखाना बदलून देईल. मात्र तो भाग वाहतुकीचे पैसे भरून कारखान्याकडे पाठवावयाचा, आणि तो सदोष आहे की नाही हे कारखान्याच्याच समाधानाप्रमाणे ठरावयाचे. इथवर हा कागद कंजूष असला तरी देणारा आहे. पण त्याच्या अखेरीस एक वाक्यांश होता, आणि सगळे मर्म त्यात होते. ही हमी इतर सर्व स्पष्ट अथवा अध्याहृत हमींच्या आणि इतर सर्व जबाबदाऱ्यांच्या ऐवजी आहे.

इंग्रजी दस्तऐवजांत येथे ‘इन ल्यू ऑफ’ हा फ्रेंच वळणाचा प्रयोग असतो. आपला ‘ऐवजी’ हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे आलेला, मोबदला ह्या अर्थाचा. ‘ऐवज’ म्हणजे मौल्यवान वस्तू हा अर्थ त्याला पुढे चिकटला. दोन्ही भाषांत हे शब्दयोगी पद एक देणे आणि एक घेणे अशा दोन क्रिया एकाच वेळी करते. खरेदीदाराच्या हाती ९० दिवसांची हमी पडली. त्याच क्षणी कायद्याने त्याला न मागता मिळालेली अध्याहृत हमी त्याच्या हातून गेली. कागदाच्या शिरोभागी मात्र ‘वॉरंटी’ हेच नाव होते. नावाने आश्वासन द्यावे आणि एका शब्दयोगी अव्ययाने ते काढून घ्यावे, असे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

कारखानदारांची वाणी मात्र जाहिरातीत अगदी निराळी असे. फोर्ड कंपनीने आपल्या पुस्तिकांत गाडीची पुढील काच न फुटणारी असल्याचे छापले होते. वॉशिंग्टन राज्यातील एका खरेदीदाराच्या काचेवर खडा आपटला, काच फुटली आणि त्याचा डोळा गेला. १९३२ मध्ये ‘बॅक्स्टर विरुद्ध फोर्ड’ ह्या खटल्यात न्यायालयाने करारसंबंधाची अडचण बाजूस सारून, पुस्तिकेतील विधानाबद्दल कारखानदारास जबाबदार धरण्याचा मार्ग मोकळा केला. सोनाराच्या खड्यापासून आपण किती दूर आलो हे येथे दिसते. आता नुसते विधान हेही बांधून घेणारे ठरले. तरीसुद्धा ‘ऐवजी’ला धक्का लागण्यास आणखी अठ्ठावीस वर्षे जावी लागली.

मे १९५५ मध्ये न्यू जर्सी राज्यातील ब्लूमफील्ड येथे एका गृहस्थांनी पत्नीस भेट म्हणून नवी प्लिमथ गाडी घेतली. दहाएक दिवसांत गाडी ४६८ मैल चालली. १९ मे रोजी पत्नी गाडी चालवीत असता खालून मोठा आवाज झाला, सुकाणू हातातच गरगर फिरले आणि गाडी उजवीकडे वळून एका विटांच्या भिंतीवर आदळली. गाडीचा पुढचा भाग इतका चेंदामेंदा झाला की, नेमका कोणता भाग निकामी झाला हे शोधणेच अशक्य होते. हयगय सिद्ध होईना. शिल्लक राहिली ती केवळ हमी. आणि तिच्या आड उभा होता छापील कागद. त्यान्वये फार तर निकामी भाग बदलून मिळाला असता. जखमी झालेल्या स्त्रीस काय मिळावयाचे ह्याविषयी त्यात अवाक्षर नव्हते, किंबहुना ते मिळू नये अशीच तजवीज होती.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा ९ मे १९६० चा निवाडा, ‘हेनिंगसेन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स’, हा भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. न्यायमूर्ती फ्रान्सिस ह्यांनी करारपत्र वाचले ते जवळजवळ एखाद्या हस्तलिखिताच्या संपादकाप्रमाणे. पुढील पानावरील बहुतेक मजकूर ठळक, सहज वाचता येणाऱ्या टाइपात होता. ज्या दोन परिच्छेदांत पाठीमागील अटी मान्य असल्याचे लिहिले होते ते मात्र सहीच्या जागेच्या वर, त्याहून पुष्कळच बारीक अक्षरांत छापलेले. पाठीमागे साडेआठ इंच लांबीचा बारीक मजकूर. हमीचे कलम त्यात कोठेतरी मध्ये. लक्ष वेधण्याऐवजी लक्ष चुकविण्याचाच हा प्रयत्न दिसतो, असा न्यायालयाने अभिप्राय दिला. त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. समजा खरेदीदाराने ते सगळे वाचले असते, आणि त्याला ते समजलेही असते, तरी त्याने करावयाचे काय? दुसऱ्या कंपनीकडे जावे तर तेथेही तेच कलम. १९५८ मध्ये तीन बड्या कंपन्यांकडे मिळून प्रवासी मोटारींच्या उत्पादनाचा ९३.५ टक्के भाग होता, हा आकडा निवाड्यातच दिलेला आहे. फ्रीड्रिख केसलर ह्यांनी १९४३ मध्ये अशा कागदांविषयी लिहिताना, एक पक्ष मजकूर ठरवितो आणि दुसऱ्याने तो फक्त स्वीकारावयाचा किंवा सोडावयाचा, ही गोष्ट मांडली होती; न्यायालयाने त्या विचाराचा आधार घेतला. सही आहे म्हणून संमती आहे असे येथे म्हणता येत नाही. ‘ऐवजी’चे कलम सार्वजनिक हिताविरुद्ध आणि म्हणून निरर्थक ठरले. क्रायस्लर कंपनी आणि विक्रेता, दोघेही जबाबदार धरले गेले.

ह्या निर्णयावर आक्षेप घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. जॉर्ज प्रीस्ट ह्यांनी १९८१ मध्ये असा युक्तिवाद केला की, हमीपत्रातील मर्यादा ही कारखानदाराची दांडगाई नसून कामाची वाटणी आहे. जो दोष कारखाना स्वस्तात टाळू शकतो त्याची हमी कारखाना देतो; जी झीज वापरणाराच टाळू शकतो ती त्याच्यावर सोडतो. रात्रंदिवस भाड्याने फिरणारी गाडी आणि रविवारी देवदर्शनास जाणारी गाडी ह्यांच्या दुरुस्तीचा खर्च एकाच किमतीत बसविला, तर दुसऱ्याच्या खिशातून पहिल्याची दुरुस्ती होते. टायर आणि ब्रेकचे पट्टे हमीतून का वगळले जातात, हे ह्या विचाराने नीट समजते. बारीक टाइप का वापरला जातो, हे मात्र समजत नाही.

लवकरच कारखानदारांना हमी हेच जाहिरातीचे साधन सापडले. १९६१ च्या गाड्यांसाठी फोर्डने हमीची मुदत १२ महिने किंवा १२,००० मैल केली. १९६३ च्या गाड्यांसाठी क्रायस्लरने इंजिन आणि शक्तिवहनाच्या भागांस पाच वर्षे किंवा ५०,००० मैल दिले, आणि काही वर्षांत इतरांनाही त्यामागून धावावे लागले. आश्वासन मोठे, तर अटीही मोठ्या. ठरावीक मुदतीत तेल बदलावे, त्याची नोंद करून घ्यावी, नोंद चुकली की हमी गेली. हमीतील दुरुस्तीबद्दल कारखान्याकडून मिळणारा मोबदला कमी पडतो, अशी विक्रेत्यांची तक्रार होती. साहजिकच रोख पैसे देणाऱ्याची गाडी आधी आणि हमीतील गाडी मागून, असे घडू लागले. तक्रारी वाढल्या, संघराज्याच्या व्यापार आयोगाने चौकशी केली, आणि कारखानदारांनी दशकाच्या अखेरीस मुदती पुन्हा आखडत्या घेतल्या. ह्याच सुमारास, १९७० मध्ये, जॉर्ज अकरलॉफ ह्यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरील निबंध प्रसिद्ध झाला. विकणाऱ्याला गाडीचे खरे रूप ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून चांगला माल बाजारातून मागे हटतो. हमी हा त्यावरील एक उपाय. सदोष गाडीस अमेरिकन बोलीत ‘लेमन’ म्हणतात. आपला ‘खटारा’ हा मूळ ओझ्याच्या बैलगाडीचा वाचक शब्द. त्याला निंदा चिकटली ती पुढे.

४ जानेवारी १९७५ रोजी संमत झालेल्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ह्या कथेचे एक पर्व संपविले. जो कारखानदार लेखी हमी देईल त्याला अध्याहृत हमी नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट सांगितले. म्हणजे ‘ऐवजी’ ह्या शब्दाचे बळ कायद्याने काढून घेतले. मर्यादित हमी देणाऱ्यास अध्याहृत हमीची मुदत आपल्या लेखी हमीइतकी ठेवण्याची मुभा उरली, पण तिला अजिबात फाटा देण्याची नव्हे. शिवाय ह्याच कायद्याने शब्दांची आणखी एक विभागणी केली. हमी म्हणजे विक्रीच्या सौद्याचाच भाग, तिची वेगळी किंमत नाही. दुरुस्तीसाठी वेगळे पैसे घेऊन केलेला जो करार तो ‘सेवाकरार’. आज ज्याला ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणतात तो बहुतेक वेळा हा सेवाकरार असतो. त्या कायद्याच्या दृष्टीने ती वॉरंटी नव्हेच. तरी बाजाराने नाव सोडले नाही. चारशे वर्षे कमावलेली ‘हमी’ ह्या शब्दाची पत त्या नावात आहे आणि ‘सेवाकरार’ ह्या शब्दात ती नाही, एवढेच त्याचे कारण.

ह्या पतीवर पुढे कसे धंदे उभे राहिले हे सर्वश्रुत आहे. गाडीच्या कारखान्याशी संबंध नसलेल्या कंपन्या ‘तुमच्या गाडीची हमी संपत आली आहे’ असे दूरध्वनीवरून सांगू लागल्या. मिसूरी राज्यातील यू. एस. फिडेलिस ही त्यांतील मोठी कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. २०२१ च्या पहिल्या तीन महिन्यांत एकाच टोळीने पाचशे कोटींहून अधिक यांत्रिक दूरध्वनी केल्याचे अमेरिकेच्या दळणवळण आयोगास आढळले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिला जवळजवळ ३० कोटी डॉलरांचा दंड ठोठावण्यात आला. प्रामाणिक सेवाकरारही असतात, हे नमूद केले पाहिजे. पण त्यांतही वाचावयाचे असते ते काय भरून मिळणार ह्यापेक्षा काय मिळणार नाही, हे. आणि पैसे देणारा नेमका कोण, कारखाना, विक्रेता की तिसराच कोणी, हे.

ह्या इतिहासाचा आपल्याशी एक जुना धागा आहे. ब्लूमफील्डच्या भिंतीवर आदळलेली गाडी क्रायस्लरची प्लिमथ होती. त्याच क्रायस्लर कंपनीशी करार करून वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी केली होती. पुढे तेथून फियाट आणि मग पद्मिनी निघू लागली. पण त्या काळातील आपल्या खरेदीदारापुढे हमीचा प्रश्न उभाच राहिला नाही, असे म्हटले तरी चालेल. गाड्यांची टंचाई इतकी की त्यांच्या वाटपासाठी आणि विक्रीसाठी १९५९ मध्ये नियंत्रण आदेश काढावा लागला. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारा माणूस गाडी हाती आल्यावर कलमे कशास वाचील? दुरुस्तीचा भार येथे कागदाने उचलला नाही, तो रस्त्याकडेच्या मिस्त्रीने उचलला. पोर्तुगीज ‘मेस्त्री’वरून आलेल्या ह्या पदवीचा धनी जुन्या भागाचा नवा करून देई, आणि ‘पुन्हा बिघडली तर मी आहे’ असे तोंडी सांगे. हमी शब्दाच्या मूळ अर्थाच्या सर्वांत जवळचा तोच होता.

कायदा मात्र त्याही वेळी होता, आणि आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १२ व्या कलमात ‘कंडिशन’ आणि ‘वॉरंटी’ असा भेद केलेला आहे. पहिली सौद्याच्या मुळाशी असते. ती मोडली तर खरेदीदारास माल नाकारता येतो. दुसरी आनुषंगिक, ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. आता आरंभी सांगितलेला दुकानातील भेद पुन्हा पाहावा. बदलून मिळेल ती गॅरंटी, दुरुस्त होईल ती वॉरंटी. गॅरंटी शब्दाचा कायद्यातील अर्थ वेगळा आहे; १८७२ च्या करार कायद्यात तो त्रयस्थाच्या जामीनकीचा वाचक आहे. शब्द चुकले, पण भेद चुकला नाही. कायद्याचे पुस्तक न उघडता आपल्या बाजाराने नाकारण्याचा हक्क आणि दुरुस्तीचा हक्क ह्यांतील रेषा बरोबर तेथेच ओढली, ह्यास योगायोग म्हणावे की व्यवहारज्ञान, हे ठरविणे अवघड आहे.

त्याच कायद्याच्या ६२ व्या कलमाने मात्र अध्याहृत अटी करारान्वये वगळण्याची मोकळीक दिलेली आहे. म्हणजे आपल्याकडे ‘ऐवजी’चे दार त्या कायद्यापुरते उघडेच राहिले. अन्याय्य कराराच्या अटींविषयी विधी आयोगाने १९८४ मध्ये आपला १०३ वा अहवाल दिला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल दाद मागण्याचा सोपा मार्ग दिला, आणि २०१९ च्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा प्रथमच ग्राहकाच्या हाती दिली. स्पष्ट हमीबाबत, हयगय नव्हती हे सिद्ध केले तरी उत्पादकाची जबाबदारी सुटत नाही, असेही त्यात आहे. तरीही गाडी घेताना जी ‘विस्तारित हमी’ वेगळे पैसे घेऊन दिली जाते ती मूळ हमीचे नुसते लांबण आहे, की अटी आणि अपवाद निराळे असलेला स्वतंत्र करार आहे, हे तिच्या नावावरून कळत नाही. मराठीत दोहोंनाही ‘हमी’च म्हणतात. पुण्यातील विक्रीदालनांत ह्या कराराची पुस्तिका मी अनेकदा मागून पाहिली आहे. विक्रेता मराठीत समजावून सांगतो, गिऱ्हाईक मराठीत विचारते, ‘गॅरंटी की वॉरंटी?’, आणि सही होते ती इंग्रजी मजकुराखाली.